चवीचे प्रश्न: लेबलवर गाव नसलेली बाटली

मागच्या अंकात चिंच, कोकम आणि कैरी यांच्या आंबटपणावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत वाइनचीच पत्रं जास्त निघाली. संपादकांनी जरा कपाळाला आठ्या घातल्या, पण कोल्हापूरकरांनी विचारलंय म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं. ज्यांच्या घरी हा विषय चालत नाही त्यांनी शेजारचं पान वाचावं, तिथं उपवासाचे पदार्थ आहेत.

मॅडम, मी तुमचा विद्यार्थी. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलला तुमच्याच बॅचला होतो. धाकटा भाऊ पॅरिसहून येताना पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आलाय. दुकानदार म्हणाला म्हणे, पुई-फ्युमे भागातली ही सगळ्यात भारी सॉव्हिन्याँ ब्लाँ. पण लेबलवर पुई-फ्युमे कुठंच नाही. नुसतं 'व्हँ द फ्राँस' आणि बनवणाऱ्याचं नाव, दागनो. मित्र म्हणतात, गंडवला त्याला. किंमत वडलांना अजून सांगितलेली नाही. येत्या रविवारी पाच-सहाजण मिळून एक बाटली उघडायची आहे. आई तांबडा-पांढरा करायचा म्हणतेय. कशी प्यायची, सोबत काय ठेवायचं?
— अ. पा., राजारामपुरी

अरे, भावाला कुणी गंडवलेलं नाही. उलट दुकानदार जाणता निघाला. वडलांना किंमत सांगू नकोस एवढंच.

फ्रान्सच्या मधोमध लुआर नदीच्या काठी पुई-स्युर-लुआर नावाचं गाव आहे. नदीच्या पलीकडं साँसेर. दोन्हीकडं सॉव्हिन्याँ ब्लाँ हीच द्राक्षं. पुई-फ्युमे हे नाव बाटलीवर छापायचं तर द्राक्षं तिथलीच हवीत, जात तीच हवी, एकरी उत्पन्न अमुक मर्यादेतच हवं आणि वाइन त्या भागाच्या नियमांत बसली पाहिजे. १९३७ पासून हा कायदा आहे. (पुई-फुइसे नावाची आणखी एक वाइन आहे. ती बर्गंडीची आणि वेगळ्या द्राक्षाची, शार्दने. दोन्हींची गल्लत फ्रेंच माणसंही करतात.)

आता हा दिदिए दागनो. याच भागातल्या द्राक्षवाल्यांच्या घरात १९५६ साली जन्मलेला. पण तरुणपणी त्याचं लक्ष बागेत कमी आणि मोटरसायकलच्या साइडकार शर्यतींत जास्त. पुढं कुत्र्यांच्या घसरगाड्या पळवायचा नाद लागला. १९८२ मध्ये सँ-आँदलँ या गावात त्यानं स्वतःची वाइन करायला सुरुवात केली. खांद्यावर रुळणारे कुरळे केस, रानटी दाढी आणि तोंड फटकळ. शेजारचे बागायतदार जास्त पीक घेऊन पाणचट वाइन करतात असं तो उघड बोलायचा. गावात अशा माणसाचं काय होतं ते तुला सांगायला नको. पण त्याची वाइन प्यायल्यावर टीका करणाऱ्यांची पंचाईत व्हायची, कारण ती खरोखर वेगळी होती.

त्यानं केलं काय, ते तासगाव-पलूसच्या कुठल्याही बागायतदाराला दोन मिनिटांत कळेल. छाटणी कडक, जादा फुटी काढून टाकायच्या, घड कमी ठेवायचे. आपल्याकडं निर्यातीच्या मालासाठी विरळणी करतात ती मणी मोठा व्हावा म्हणून. यानं ती केली रस दाट व्हावा म्हणून. नांगरट घोड्यानं. काढणी हातानं, आणि तीही एका दमात नाही: पिकलेले घड आज, उरलेले पुन्हा काही दिवसांनी. शेजारी यंत्रानं एका दिवसात बाग रिकामी करत असताना हा माणसं लावून तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरायचा. सॉव्हिन्याँ साधारणपणे स्टीलच्या टाकीत आंबवतात. यानं ती लाकडात आंबवली, आणि पिंपंही खास करून घेतली, नेहमीपेक्षा लांबोडकी, आतून अगदी कमी भाजलेली, म्हणजे लाकडाचा वास वाइनवर चढू नये. खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर वाढवलेल्या वेलींचाही थोडा तुकडा त्यानं लावला. फिलॉक्सेरा ही वेलीची मुळं खाणारी कीड असलेल्या देशात हे धाडसच.

नियमांची त्याला एकंदर ॲलर्जी. त्याच्या एका वाइनचं नाव 'ब्युइसाँ रेनार'. मुळात त्या तुकड्याचं नाव मेनार. एका समीक्षकानं चुकून रेनार, म्हणजे कोल्हा, असं छापलं. यानं दुरुस्ती मागवायच्या ऐवजी लेबलच बदलून टाकलं!

२००८ च्या सप्टेंबरात छोट्या हलक्या विमानाच्या अपघातात तो गेला, वय बावन्न. तेव्हापासून मुलगा लुई-बेंजामँ आणि मुलगी शार्लोत काम बघतात. वाइन तीच, तितकीच काटेकोर. मधल्या काळात त्यांनी पुई-फ्युमे हे नाव लावणंच सोडलं आणि 'व्हँ द फ्राँस' ही सगळ्यात साधी पायरी घेतली. या पायरीवर फ्रान्समधली स्वस्तातली वाइनही बसते, म्हणून तुझ्या मित्रांना शंका आली. पण इथं लेबलवर गावाचं नाव नसणं हीच त्या घराची खूण झालीय. बनवणाऱ्याचं नाव वाचायचं, बाकी सोडून द्यायचं.

आता रविवारचं बघू.

फ्रिजमधून काढलेली बाटली चार-पाच अंशांवर असते. त्या थंडीत जीभ बधिर होते आणि तुम्ही नुसतं गार आंबट पाणी प्याल. तशीच बाहेर ठेवून दिलीस तर आपल्या उन्हाळ्यात ती कोमट होईल. म्हणून फ्रिजमधून काढ, वीसेक मिनिटं टेबलावर ठेव, मग उघड. दहा ते बारा अंश हे बरं. बर्फ घालायचा नाही. कुणी आत्या-मामा आग्रह करतील, ऐकायचं नाही. ही वाइन तरुणपणी जरा बंद-बंद असते, उघडल्याबरोबर काडी ओढल्यासारखा वास येईल. तो दोष नाही. काचेच्या जगमध्ये ओतून ठेवलीस तर पाऊण तासात मोकळी होते. ग्लास पातळ काचेचा, तोंडाकडं निमुळता, आणि तिसरा हिस्साच भरायचा. सहाजणांत एक बाटली म्हणजे प्रत्येकी सव्वाशे मिली. चाखायला भरपूर.

पहिला घोट मोठा घे आणि तोंडात फिरव. गिळल्यावर मान थोडी पुढं झुकव, तोंड किंचित उघडं ठेव आणि थांब. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, कानाच्या पाळीखाली, लाळ सुटू लागेल. जितकी लाळ जास्त आणि जितका वेळ सुटत राहील, तितकी आम्लता जास्त. कुठल्याही वाइनची आम्लता घरी मोजायची ही सगळ्यात सोपी पद्धत. आमच्या प्रयोगशाळेत सोडियम हायड्रॉक्साइडचा ब्युरेट आणि फिनॉल्फ्थॅलिन लागायचं. आठवतंय ना, शेवटच्या थेंबाला गुलाबी व्हायचं आणि तुम्ही पोरं हमखास दोन थेंब जास्त सोडायचा! पांढऱ्या वाइनची साधारण आम्लता टार्टारिक आम्लाच्या हिशेबात लिटरला साडेपाच ते साडेआठ ग्रॅम. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, म्हणायची तर साखर साधारण चार ग्रॅमच्या आत. युरोपचा नियम असा की आम्लता चढी असेल तर नऊ ग्रॅमपर्यंत साखरेलाही कोरडी म्हणता येतं, कारण आंबटपणात ती साखर जिभेला सापडत नाही. शाम्पेनवाले या लपाछपीवरच जगतात.

ही आम्लता येते कुठून? मण्यात पाणी उतरायला लागलं की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. साखर भरते आणि आम्ल घटतं. त्यातलं टार्टारिक आम्ल टिकाऊ. मॅलिक मात्र वेल स्वतःच श्वसनात जाळून टाकते, आणि रात्र जितकी उबदार तितकं जास्त जाळते. पुई आहे सत्तेचाळीस अंश उत्तरेला. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, रात्री गार. म्हणून तिथं साखर भरेपर्यंत आंबटपणाही शिल्लक राहतो. दागनोचं वैशिष्ट्य असं की तो द्राक्षं शेजाऱ्यांपेक्षा जास्त पिकवायचा आणि तरी त्याची वाइन धारदार राहायची. सॉव्हिन्याँ कच्ची तोडली की हिरव्या ढबू मिरचीचा, गवताचा वास येतो. आंबटपणा राखायचा म्हणून पुष्कळजण कच्ची तोडतात आणि मग त्या गवताच्या वासालाच ताजेपणा म्हणतात. त्याला तो वास नको होता.

मी त्याची 'सिलेक्स' चाखलीय, पुण्यात एका स्नेह्यांकडं. गवत नाही, मिरची नाही. पपनसाच्या सालीचा आतला पांढरा कडसर भाग, लिंबाची साल, आणि मागं लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर यायचा तो जळका वास. घोट गेल्यावरही मिनिटभर तोंड ओलं. सिलेक्स म्हणजे तीच गारगोटी, चकमकीचा दगड. त्या तुकड्यातल्या मातीत तो भरलेला आहे. मात्र दगड विरघळून वाइनमध्ये उतरतो, असं कुणी ठोकून दिलं तर रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मला हात वर करावा लागेल. त्या वासामागं आंबवताना तयार होणारी गंधकाची संयुगं असतात. मातीचा परिणाम आहे, पण तो वेलीला पाणी किती आणि कधी मिळतं यातून येतो. दगड चाटून नाही.

आता आईच्या स्वयंपाकाबद्दल. तांबडा नको. म्हणजे करा, पण वाइन संपल्यावर. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला पेटवतं, त्यालाच अल्कोहोलही चिथावतं. एकात एक मिळालं की जाळ दुप्पट आणि चव शून्य. एवढ्या किमतीची बाटली तांबड्याबरोबर पिणं म्हणजे भावाच्या पैशाची धूळधाण. पांढरा मात्र जगात भारी जमतो. नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि मटणाचा अर्क. जिभेवर सगळीकडं स्निग्ध थर बसतो आणि घोटागणिक आंबट वाइन तो धुऊन काढते. काळी मिरी जरा कमी घालायला सांग. ताटात लिंबाची फोड ठेवायची नाही. सोलकढीही नाही. जेवणातला आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ झाला की वाइन मिळमिळीत लागते. त्या दिवशी लिंबाची जागा वाइनची.

सुरुवातीला कोथिंबीर वडी करा, तळून, गूळ न घालता. हिरव्या पाल्याचा आणि सॉव्हिन्याँचा सूर आपोआप जुळतो, यावर मी कुणाशीही पैज लावीन. गगनबावड्याकडून येणारी सुरमई मिळाली तर रवा लावून, चटणी न लावता, नुसत्या हळद-मिठावर. तिकडं साँसेरच्या बाजूला शाव्हिन्योल गावचं शेळीच्या दुधाचं चीज या वाइनबरोबर खातात. आपल्याकडं ते मिळवायची धडपड नको, ताज्या पनीरला मीठ-मिरी लावून चालतं.

आणखी एक कर. आपल्याकडची एक सॉव्हिन्याँ ब्लाँ आण, नाशिकची किंवा अकलूजची, याच वर्षाची. दोन्ही बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळ आणि न सांगता ओत. नाव आणि किंमत कळल्यावर माणसाची जीभ प्रामाणिक राहत नाही. मित्रमंडळींतल्या एखाद्याला आपली आवडली तर हसू नका. गार केलेली, सरळ, फळाच्या वासाची वाइन पहिल्या घोटाला जास्त गोड बोलते. दागनोची तिसऱ्या घोटाला बोलायला लागते.

दुसरी बाटली राखून ठेव. अशी वाइन दहा वर्षं सहज सुधारत जाते. पण कपाटात नको, माळ्यावर तर नकोच. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेव आणि आईला सांगून ठेव की ती व्हिनेगरची नाही.

आंबट वाइन म्हणजे बिघडलेलीच ना? आमच्या हॉटेलात गिऱ्हाईकं बाटली परत करतात.
— द. शि., गडहिंग्लज

नाही. दोन वेगळ्या प्रकारची आम्लं आहेत. द्राक्षातलं टार्टारिक आणि मॅलिक जिभेवर लागतं, लाळ सोडवतं, पण नाकात चढत नाही. बिघडलेल्या वाइनमध्ये ॲसिटिक आम्ल असतं, म्हणजे व्हिनेगर. ते उडणारं, ग्लास नाकाजवळ नेल्याबरोबर झणका येतो, कधी नेलपॉलिशचा वास. म्हणजे आधी वास घ्या, मग घोट. वास स्वच्छ आणि तोंड आंबट असेल तर बाटली चांगली आहे, परत घेऊ नका. गिऱ्हाइकाला मात्र ओतण्याआधीच सांगा की ही कोरडी आहे, गोड नाही. आपल्याकडं वाइन म्हणजे गोड पोर्ट असा समज घट्ट बसलाय आणि अपेक्षा गोडाची असेल तर चांगली कोरडी वाइनही दगा दिल्यासारखी वाटते.

एक गोष्ट तुमच्याकडूनही तपासा. पांढरी वाइन उन्हाच्या काचेत उभी करून ठेवलेली मी आमच्याच शहरातल्या एका दुकानात पाहिली आहे, लेबल पिवळं पडेपर्यंत. त्यातली बाटली परत आली तर दोष गिऱ्हाइकाचा नाही.

बाटलीच्या तळाला काचेचे बारीक तुकडे दिसले. दुकानदाराशी भांडण झालं. तो म्हणतो साखर आहे. कोण बरोबर?
— एक वाचक, इचलकरंजी

दोघंही नाही. ते पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक. द्राक्षात टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम दोन्ही असतं. वाइन गार झाली की त्यांचं हे मीठ विरघळलेलं राहत नाही, तळाला बसतं. निरुपद्रवी. बेकरीवाले ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात ते हेच, शुद्ध केलेलं.

मोठे कारखाने वाइन भरण्याआधी शून्याच्या आसपास थंड करून हे स्फटिक आधीच पाडून घेतात, म्हणजे गिऱ्हाईक घाबरू नये. जे वाइनमध्ये कमीत कमी ढवळाढवळ करतात ते पुष्कळदा हा प्रकार टाळतात. म्हणजे तुमच्या बाटलीतले स्फटिक उलट बऱ्यापैकी चांगलं लक्षण आहे. एक स्फटिक दाताखाली चावून बघा: काच कचकचेल आणि तशीच राहील, हा हळूहळू विरघळेल आणि चिंचेसारखा आंबट लागेल. लागणारच, चिंचेतही टार्टारिक आम्लच असतं. इतक्या भरपूर प्रमाणात ते बाळगणारी फळं फार थोडी आहेत आणि त्यातलं एक आपल्या आमटीत रोज पडतं. (चावायच्या आधी बाटलीचं तोंड फुटलेलं नाही ना ते बघा. तेवढी अक्कल मी गृहीत धरतेय.)

दुकानदाराला साखरेबद्दल एवढंच सांगा की वाइनमध्ये साखर कधी तळाला बसत नाही.

आमची चार एकर द्राक्षबाग आहे, सोनाका आणि माणिक चमन. भाव पडला की बेदाणा करतो. याची अशी आंबट कोरडी वाइन का होत नाही? घरच्या घरी थोडी करून बघावी का?
— बा. जा., तासगाव तालुका

घरी करू नका. परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, आणि होणारी वाइन त्या जोखमीच्या लायकीचीही नसेल. कारण सांगते.

तुमची बाग खाण्याच्या द्राक्षाची. खरड छाटणी एप्रिलला, गोडी छाटणी ऑक्टोबरला, मग जीएचं (जिबरेलिक आम्लाचं) डिपिंग, विरळणी, सगळा खटाटोप बिनबियांचा मणी लांब, फुगीर आणि पातळ सालीचा व्हावा म्हणून. खायला उत्तम, आणि बेदाण्याला तर तासगावचं नावच आहे. पण वाइनला नेमकं उलटं लागतं: लहान मणी, जाड साल, बिया, कमी पाणी. वास सालीत असतो, आणि मणी जितका फुगतो तितकी रसाच्या मानानं साल कमी पडते. शिवाय तुमच्या जातींत मुळातच वासाची संयुगं थोडी. साखर भरपूर भरते, त्यामुळं अल्कोहोल चढेल, पण चव कोरी. आणि तुम्ही गोडी पूर्ण येईपर्यंत थांबता तोवर आम्ल उतरलेलं असतं. आंबट कोरडी वाइन हवी तर साखर आणि आम्ल दोन्ही बघून तोडायचं, नुसत्या साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर नाही.

वाइनच्या जाती लावायच्या म्हटल्या तर आपल्या हवेत हे जमतं, फक्त घाई करावी लागते. महाराष्ट्रात काढणी जानेवारी ते मार्च. दिवसा ऊन तापतं, म्हणून चांगले बागायतदार पहाटे किंवा रात्री तोडतात, रस लगेच गार करतात आणि बारा ते सोळा अंशांत सावकाश आंबवतात. मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होऊ देत नाहीत, कारण एकदा लॅक्टिक, म्हणजे दह्यातलं आम्ल, झालं की धार गेली. एवढं करूनही कमी पडलं तर टार्टारिक आम्ल वरून घालतात. उष्ण देशांत हे सर्रास चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आपल्याकडचे वेडे लोकही थोडे नव्हेत. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला वडलोपार्जित जमिनीवर आले तेव्हा तिथं सॉव्हिन्याँ ब्लाँ लावणं हाच वेडेपणा होता. त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ. तुमच्या बाजूला अकलूजजवळ ऊसपट्ट्याला लागून फ्राटेली या वाइन कंपनीनं बागा लावल्या. पिएरो मासी नावाचे तस्कनीचे वाइनतज्ज्ञ सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात पांढरी वाइन करायला बसले, ते बघायला मला तिथं असायला आवडलं असतं. राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि तुमच्या पलूसला वाइन पार्क आखले. पलूसच्या अनुभवाबद्दल तुम्हीच मला जास्त सांगाल.

एक एकर बदलून बघायची असेल तर आधी खरेदीदाराचा लेखी करार हातात घ्या, मग कलमं लावा. वाइनचं द्राक्ष बाजारात खाण्यासाठी विकलं जात नाही आणि त्याचा बेदाणाही होत नाही. खरेदीदार उलटला की दुसरी वाटच उरत नाही. जातींसाठी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन या, तिथं वाइनच्या जातींवर काम चालतं.

वाइन शाकाहारी असते का? आमच्या घरी अंडंही चालत नाही.
— सौ. म. शहा, शाहूपुरी

द्राक्ष शाकाहारी, पण गढूळ वाइन स्वच्छ करताना काहीजण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो गाळात खाली बसतो आणि वाइनमधून काढला जातो, पण वापरला गेलेला असतो. बेंटोनाइट नावाच्या मातीनंही हेच काम होतं. बाटलीवर लिहिलेलं नसेल तर कंपनीला सरळ विचारा.

वाइन हृदयाला चांगली म्हणतात. आईला (वय ७२) रोज थोडी द्यावी का? आम्लपित्ताचा त्रास आहे.
— न. कु., ताराबाई पार्क

देऊ नका. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ज्यांना चवीसाठी आवडते त्यांनी चवीसाठी, मोजून घ्यावी. औषध म्हणून नाही. त्यात आईंना आम्लपित्त, आणि ही वाइन आम्लाचीच. गोळ्या चालू असतील तर त्याहून नको. आणि जे पितात त्यांनी आंबट वाइननंतर लगेच दात घासू नयेत, आम्लानं मऊ झालेलं एनॅमल ब्रशनं निघतं. अर्धा-पाऊण तास थांबावं, तोवर साध्या पाण्यानं चूळ भरावी.

आम्ही दोघंच. बाटली एका वेळी संपत नाही. उरलेली फेकावी लागते, जीव तुटतो.
— सौ. व. मा., कागल

फेकू नका. आम्लता जास्त असलेली वाइन इतरांपेक्षा जास्त टिकते. बूच लावा, फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे हवेशी कमी पृष्ठभाग येतो. तीन दिवस बिनघोर. त्याहून चांगलं म्हणजे अर्ध्या लिटरची स्वच्छ काचेची बाटली जवळ ठेवायची आणि उघडल्याबरोबर, प्यायला बसण्याआधीच, उरणारी वाइन तिच्यात काठोकाठ भरून टाकायची. हवा आत शिरायला जागाच नाही. आठवडाभर जाते.

त्यानंतर चव सपाट झाली तर स्वयंपाकाला. माशाच्या तुकड्यांना लिंबाऐवजी दोन चमचे लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि तव्यावर घाला. कोंबडीच्या पातळ रश्श्यात कांदा परतल्यावर अर्धी वाटी ओता आणि वास उडेपर्यंत झाकण लावू नका. मात्र लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नको, आम्ल धातूला खातं आणि रस्सा काळपट होतो. स्टील वापरा.